वाढत्या अंगाचं माप

2025 च्या 1 मेला सकाळी झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, नावं पुकारून निकाल हातात दिले. निकालाच्या आत एक कागद चार घड्या करून ठेवलेला होता. दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेला, आर्णीहून झेरॉक्स काढून आणलेला. आमच्या जिल्हा परिषद शाळेतून असा कागद वर्षातून दोनदा घरी येतो, एक दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एक उन्हाळ्याच्या. मॅडम त्याला सत्राचं पत्र म्हणतात. यंदाच्या पत्राची पहिली ओळ अशी होती: "आपल्या शाळेचा पट 34 आहे. जूनमध्ये तो 30 होईल."

शाळेबद्दल लिहायचं तर मला ह्या ओळीपासूनच सुरुवात करावीशी वाटली. माझी नणंद शेजारच्या गावात दिली आहे, तिचा पोरगा यंदा पहिलीत जाईल. तिनं फोनवर विचारलं, "वहिनी, खरं खरं सांगा, तुमच्या झेडपीत घालू का याले? का कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवू?" आमच्याकडे इंग्रजी शाळा म्हटली की ती कॉन्व्हेंट, मग ती कोणाचीही असो. तिला फोनवर जे सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून इथं सगळं लिहिते. तिच्यासारख्या अजून दहा जणी हेच विचारत असतील.

आधी माझं सांगते. मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात राहते, नागपूर-तुळजापूर महामार्गापासून आत. घरची तीन एकर कोरडवाहू, कापूस अन् सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. मी घरी शिवणकाम करते. मोठी पोरगी यंदा चौथी पास झाली, लहाना पहिलीतून दुसरीत गेला. दोन वर्षांपासून मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्यानं ह्या समितीत चारातले तीन पालक लागतात, अन् निम्म्या बाया. म्हणजे शाळेचं कपाट मी आतून पाहिलेलं आहे.

आता पत्राचं. कागदाच्या एका बाजूला झालेल्या गोष्टी असतात. यंदा त्यात परसबागेत किती वांगी निघाली ते होतं, बोरिंग 11 दिवस बंद होतं आणि ते कोणी दुरुस्त केलं ते होतं, चौथीच्या दहा पोरांनी मिळून काढलेलं गावाचं चित्र होतं. त्या चित्रात आमच्या घरासमोरची शिलाई मशीनसुद्धा आहे, माझ्या पोरीनं काढलेली, घरापेक्षा मोठी. दुसऱ्या बाजूला वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं: "राहून गेलेलं". त्याच्याखाली ओळीनं जे जमलं नाही ते. पोरांची नावं कधीच नसतात, पण आकडे असतात.

यंदाच्या "राहून गेलेलं" मधलं थोडं उतरवते. दुसरी ते चौथी मिळून 27 पोरं. त्यातली 17 जण गोष्ट न अडखळता वाचतात. चार जण लहान उतारा वाचतात पण दमतात. चार जण शब्दांवर आहेत. दोघं अजून अक्षरांवर. सप्टेंबरात गोष्ट वाचणारे नऊ होते. त्याच्याखाली: "हातच्याची वजाबाकी तिसरीत पाच जणांना येत नाही. मुलींच्या शौचालयाचं दार अजून बसवलेलं नाही. संगणक बंद आहे. इंग्रजी वाचनाला यंदा हवा तेवढा वेळ मिळाला नाही."

पहिल्यांदा हे पत्र हातात आलं तेव्हा मला राग आला होता, खरं सांगते. वाटलं, सणासुदीला घरी पाठवायच्या कागदावर असं रडगाणं कोण लिहितं? सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "डाक्टरनं रोग सांगतला त त्याच्यावर चिडाव का?" तेव्हापासून मी आधी मागची बाजू वाचते.

मला हे भारी का वाटतं ते समजायला मोठीची गोष्ट सांगावी लागेल. तिला केजी वनपासून आम्ही तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत टाकलं होतं. वर्षाचे 14 हजार, गाडीचे वेगळे. मग लॉकडाऊन लागलं, केजी टू सगळं मोबाईलवर गेलं, पहिलीचंही अर्धं. नेटवर्कसाठी तिला घेऊन मी टाकीजवळ जाऊन बसायचे. वर्षाअखेरी रिपोर्ट कार्ड आलं, चकचकीत कागद, सगळ्या विषयांत ए प्लस. आम्ही ते फ्रेम करायचं म्हणत होतो. त्याच आठवड्यात एसटी स्टँडवर बसच्या पाटीकडे बोट दाखवून मी तिला म्हटलं, वाच बरं कुठली गाडी आहे. तिला "आर्णी" वाचता आलं नाही. इंग्रजी कविता मात्र हातवारे करून धडाधड म्हणायची. मी त्या शाळेत विचारायला गेले तर सांगितलं, सगळं छान आहे, पोरगी हुशार आहे, घरी इंग्रजी बोलत जा. तिथून निघाले तेव्हा माझ्या हातात धरायला काहीच नव्हतं. कुठं चुकतंय तेच जर कोणी सांगत नाही तर मी घरी काय करून घेणार होते?

जून 2022 मध्ये तिला दुसरीत झेडपीत आणलं. मॅडमनी तिला वऱ्हांड्यात बसवलं, एका कार्डावरचं वाचायला दिलं, पाच-सात मिनिटं नुसतं ऐकलं. मग मला म्हणाल्या, "ताई, ही अक्षरं ओळखते, शब्द जुळवता येत नाहीत. दुसरीच्या मानानं मागं आहे. दिवाळीपर्यंत शब्दांवर आणू, होळीपर्यंत उताऱ्यावर. तुम्ही रोज रात्री वीस मिनिटं द्याल का?" इतकंच बोलणं. दिवाळीत ती किराण्याच्या पुड्यावरचे शब्द वाचू लागली. होळीपर्यंत उतारा जमला नाही, तो एप्रिलच्या शेवटी जमला, आणि मॅडमनी तेही पत्रात लिहिलं होतं, दीड महिना उशीर झाला म्हणून.

यंदाचा तिचा निकाल: मराठी अ-2, गणित ब-2, इंग्रजी ब-2, बाकी ब-1. शेजारच्या बाईला हे कमी वाटलं. मला वाटलं नाही, कारण ब-2 म्हणजे नेमकं काय येतं आणि काय येत नाही ते मला तोंडपाठ आहे. तिला भागाकार येतो, अपूर्णांकात गोंधळते, इंग्रजीत वाक्य वाचते पण अर्थ अर्धा लागतो. ज्यांना ह्या श्रेणींची माहिती नाही त्यांच्यासाठी: 91 पासून वर अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, 61 ते 70 ब-2, अशी उतरत जाते. पहिली-दुसरीला वर्षभराच्या वर्गकामाचे 70 टक्के अन् परीक्षेचे 30, तिसरी-चौथीला 60 अन् 40. म्हणून पहिलीच्या पोराच्या एका पेपरवरून घरात रडारड करू नका. पाचवीला मात्र आता वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागते, नापास झाला तर पुन्हा एक संधी, अन् तरी नाही जमलं तर त्याच वर्गात. त्यामुळे चौथीपर्यंत कच्चं राहिलेलं पुढं झाकलं जाणार नाही.

मार्चच्या पालकसभेत मॅडमनी एक आकडा सांगितला होता. खेड्यातल्या पोरांचं वाचन-गणित तपासणारी 'असर' नावाची पाहणी असते, तिच्या 2024 च्या फेरीत आपल्या देशातल्या खेड्यांमधल्या सरकारी शाळेतल्या तिसरीच्या पोरांपैकी दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचू शकणारी पोरं 23.4 टक्के निघाली. म्हणजे चारात एकही पूर्ण नाही. सभेत एक भाऊ लगेच म्हणाले, "मंग काय उपयोग मॅडम शायेचा?" मॅडमनी सांगितलं, हाच आकडा 2022 मध्ये 16.3 होता, लॉकडाऊननं खाली गेला होता, दोन वर्षांत सात टक्के वर आला. "भाऊ, खाली गेलेलं वर येते, हे मला त्यात दिसते. आपल्या शाळेचं काय ते मी तुम्हाला नावानिशी दाखवते, तुमच्या पोराचं तुम्ही एकट्यानं येऊन बघा." ते भाऊ दुसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

आता चावडी वाचनाबद्दल, कारण ह्या वर्षातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे. पोरांचं वाचन-गणित पक्कं करायचा शासनाचा निपुण महाराष्ट्रचा कृती कार्यक्रम 2025 मध्ये 5 मार्चपासून 30 जूनपर्यंत होता, त्यात पोरांनी गावासमोर वाचून दाखवायचं होतं. काही ठिकाणी हे फोटो काढण्यापुरतं होतं, हे मला माहीत आहे. आमच्याकडे परीक्षा 25 एप्रिलला संपली आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मारुतीच्या पारावर वाचन ठेवलं. दिवसभर पारा 42 च्या वर, पाराचा दगड सात वाजताही बसू देत नव्हता, बायांनी पोते आणून अंथरले.

मॅडम अन् सरांनी पुस्तकं आणलीच नव्हती. पंधरा दिवस आधी पोरांकरवी घरोघरून वाचायच्या वस्तू गोळा केल्या होत्या. एका डब्यात सगळं भरलेलं. औषधाची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, लाइटचं बिल, एसटीचं वेळापत्रक, खताच्या पोत्याचा फाडलेला तुकडा, बियाण्याच्या थैलीला शिवलेलं लेबल. पोरानं डोळे मिटून हात घालायचा, जे निघेल ते वाचायचं, अन् काय कळलं ते आपल्या शब्दात सांगायचं. माझ्या लहान्याच्या हातात लग्नपत्रिका आली. त्यानं नवरा-नवरीची नावं वाचली अन् "जेवणाची वेळ 12 वाजून 30 मिनिटं" एवढं जोरात वाचलं की सगळा पार खळखळून हसला.

मग तांड्यावरच्या एका पोराचा नंबर आला, तिसरीतला. ह्या पोराचे मायबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. यंदा तांड्यावरून पाच पोरं गेली. शाळेनं त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, की ज्या गावात थांबाल तिथल्या शाळेत बसा. तिघं बसली, दोघं नाही बसली. कारखाने यंदा लवकर बंद झाले म्हणून मार्चमध्येच परतली, नाहीतर परीक्षेच्या तोंडावर यायची. ह्या पोराची घरची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली. मॅडमनी त्याला तिसरीत पहिल्यांदा मराठीत पूर्ण वाक्य बोलतं केलं ते त्याच्या आईबद्दल विचारून, पण 'आई' न म्हणता त्याच्या भाषेतला 'याडी' शब्द वापरून.

त्याच्या हातात सोयाबीनच्या थैलीचं लेबल आलं. तो जात वाचून गेला, वजन वाचून गेला, मग "उगवण" म्हटलं अन् थांबला. पुढं "शक्ती" होतं. जोडाक्षर. पार शांत. सर पुढं झुकले, मॅडमनी हातानंच त्यांना थांबवलं. कोणी सांगितलं नाही. किती वेळ गेला कोणास ठाऊक, मला तर माझ्याच पोराचा नंबर असल्यासारखं वाटत होतं. मग त्यानं बोट खाली सरकवलं, ओठातल्या ओठात दोनदा जुळवलं, आणि म्हणाला, "उगवणशक्ती सत्तर टक्के." त्याची याडी मागं उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

सरांनी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, शंभर दाणे टाकले तर सत्तर निघतील.

पुढं जे झालं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. बाजूला आमच्या गावातले एक म्हातारे आबाजी बसले होते, त्यांना सहीशिवाय काही येत नाही, पण शेतीतलं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. मॅडम तेव्हाच 27 पैकी 17 चा हिशेब सांगत होत्या, 63 टक्के होते म्हणाल्या. आबाजी म्हणाले, "मंग सत्तरच्या खालीच आहे थे. पन बी सत्तरच्या खाली निंगालं म्हनून आपुन वावर पडीत ठेवत नाई, मॅडम. बियानं जास्त टाकतो." मॅडम थोड्या थांबल्या अन् म्हणाल्या, "आबाजी, तेच करायचं आहे सुट्टीत." तिथल्या तिथं ठरलं. राहिलेल्या दहा पोरांसाठी सुट्टीत रोज सकाळी सात ते आठ पारावर वाचन. माता पालक गटातल्या आम्ही पाच जणी, प्रत्येकीकडे दोन पोरं. माझ्याकडे शब्दांवरचे दोघं आले आहेत. मी काजं करत बसते, ते वाचतात. एकजण जाहिरातीचा कागद घेऊन येतो, त्याला तोच आवडतो, मी म्हटलं तोच वाच.

ह्यातून शाळेचा स्वभाव कळावा म्हणून एवढं लांबवलं. बाकीचं पटापट सांगते.

जेवण चांगलं आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला रोज 100 ग्रॅम तांदूळ असतो, त्याच्यासोबत डाळ, कधी मटकी, कधी वाटाणा. आमच्या स्वयंपाकीण ताईंच्या हाताला चव आहे, खिचडीत परसबागेतली भेदरं (टमाटे) अन् सांभार (कोथिंबीर) पडते, वास रस्त्यापर्यंत येते. त्यांना 2025 मध्ये महिन्याला 2,500 रुपये मानधन मिळत होतं, आणि त्यात त्या चुलीपासून भांड्यांपर्यंत सगळं करतात, हे मला कमी वाटते, फार कमी वाटते. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याला अंडं सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला केळं. पोरं त्या दिवशी गैरहजर राहत नसत. ह्या जानेवारीत त्याचा सरकारी पैसा थांबला, गावानं वर्गणीतून द्यायचं तर द्या असं झालं. समितीनं फेब्रुवारीत दोनदा दिलं, मग जमलं नाही. पत्रात लिहिलंय: "अंडी 2 वेळा. पुढे पैसे नाहीत."

इमारत म्हणाल तर दोन खोल्या, एक स्लॅबची अन् एक जुनी कवेलूची. कवेलूची उन्हाळ्यात थंड राहते पण पावसात एका कोपऱ्यात गळते, तिथं बादली ठेवतात. अंगणात कडुलिंबाची दोन मोठी झाडं आहेत, निम्मी शाळा त्यांच्याखालीच भरते. मुलींच्या शौचालयाच्या दाराचा विषय मी समितीत चार वेळा मांडला. अर्ज गेले, उत्तर आलं नाही. तोपर्यंत मी जाड कापडाचा पडदा शिवून दिला, पण पडदा म्हणजे दार नाही. चौथीतल्या पोरी दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, मला माझ्या पोरीनंच सांगितलं. शाळा निवडताना आईनं हे आधी जाऊन पाहावं. मी ह्यासाठी शाळेचे गुण कापते आणि समितीवर असल्यानं त्यातली जबाबदारी माझीही आहे.

दुसरी मोठी अडचण, दोन शिक्षक अन् चार वर्ग. साठपर्यंत पट असला तर कायद्यानं दोनच शिक्षक मिळतात. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. एका बाजूला गणित चालू असलं की दुसऱ्या बाजूच्या पोरांनी आपापलं करायचं. हुशार पोर त्यात तरतं, पहिलीतलं पोर वरच्या वर्गाचं ऐकून शिकतं हेही मी पाहिलं आहे, लहाना दुसरीच्या कविता आधीच म्हणतो. पण मधलं पोर, जे गप्प बसतं, ते सुटू शकतं. आणि त्यात दोघांपैकी एक शिक्षक बाहेर असला तर? यंदा 20 नोव्हेंबरला विधानसभेची निवडणूक झाली, मधे प्रशिक्षणं, याद्या, ऑनलाइन भरायची माहिती. सर एकूण किती दिवस शाळेबाहेरच्या कामाला होते ते पत्रात आहे: 31. त्यातले बरेच दिवस मॅडम एकट्या 34 पोरांत. इंग्रजीचा वेळ तिथंच गेला. निवडणूक, जनगणना, आपत्ती ही कामं शिक्षकांना कायद्यानंच करावी लागतात, त्यावर मला बोलायचं नाही, पण एक बाई चार वर्ग घेताना मी पाहिली आहे आणि ते बघून पोटात तुटते.

गणवेशाचंही बोलून घेते, तो माझा धंदा आहे. यंदाचा गणवेश दिवाळीच्या आसपास आला. शिवण कच्ची, माप कोणाचंच नाही. दुसरीतल्या पोराची बाही कोपराच्या खाली अन् खांदा दंडावर. 11 शर्ट मी उसवून पुन्हा बसते केले, त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं आहे, ही माझ्यासाठी वर्षातली मोठी आनंदाची बातमी.

कॉन्व्हेंटच्या मानानं इथं काय मिळणार नाही तेही नणंदेला स्पष्ट सांगितलं. बूट-टायचा रुबाब नाही, स्नेहसंमेलनाचा मोठा मंडप नाही, इंग्रजी बोलणं नाही. तिच्या जावेच्या पोरासारखं तिचं पोर पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणणार नाही. हे तिला चालत असेल तर घालावं. आमच्या पोरांना एकमेकांच्या घरातलं सगळं माहीत असतं, तांड्यावरचं अन् गावातलं पोर एका ताटाशी बसते, पाटलाचा नातू अन् सालदाराचा पोरगा एका पाटीवर गणित करतात. मला हे हवं होतं.

आता सगळ्यात अवघड बातमी. पत्राच्या शेवटी लिहिलंय की सरांचं नाव बदलीच्या यादीत आहे. नवे कोण येतील, कधी येतील, माहीत नाही. सर आमच्याकडे सहा वर्षं होते. परसबाग त्यांची, बोरिंग दुरुस्त झालं तेही त्यांनी दोन दिवस मागं लागून. 1 मेला मी मॅडमना वऱ्हांड्यात एकटं गाठलं अन् विचारलं, पट चारनं कमी, सर जाणार, दार नाही, दहा पोरं राहिली, तुम्ही हे सगळं लिहून पाठवता अन् तरी खालच्या ओळीत "पुढचं वर्ष चांगलं जाईल" लिहिता. कशाच्या जोरावर? त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "ताई, दहा पोरं म्हणजे कोणती दहा ते मला माहीत आहे. सप्टेंबरात अठरा होती, तेव्हाही माहीत होतं. माहीत नसतं तर मी घाबरले असते." मग रजिस्टर उघडून पहिलीत आलेली सहा नावं दाखवली. त्यातली दोन पोरं कॉन्व्हेंटच्या गाडीतून उतरून येणार आहेत. सहावं नाव नणंदेच्या पोराचं होतं. तिनं मला न सांगताच आदल्या दिवशी येऊन नाव घातलं होतं.

ज्यांना अजून घालायचं आहे त्यांच्यासाठी: विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, 2025 मध्ये आठवडाभर मागून, 23 जूनला उघडल्या. 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीत बसता येते. जन्माचा दाखला अन् आधार न्या, पण दाखला नसला म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही, तसा कायदाच आहे. फी नाही, पुस्तकं फुकट. पोरगी चौथी पास होऊन पाचवीला दुसऱ्या गावी जात असेल, माझी जाते आहे, तर अहिल्याबाई होळकर योजनेत तिला एसटीचा पास मोफत मिळतो. त्याचा फॉर्म नव्या शाळेतून घ्यावा लागतो. आमच्या गावाहून सकाळची गाडी सव्वासातला आहे आणि ती कधीकधी येत नाही, हे मी अजून कुठल्या पत्रात मांडायचं ते बघते आहे.

दहापैकी गुण द्यायचे तर साडेसात देते. दीड गुण त्या दाराचा, एक इंग्रजीचा.

निकाल वाटून झाल्यावर सगळे घरी निघाले तसं मी टेप काढला. समितीत ठरलं होतं की गणवेशाची मापं सुट्टीआधीच घेऊन ठेवायची. कडुलिंबाखाली पोरांना ओळीनं उभं केलं, मोठी वहीत आकडे लिहीत होती. तिचं स्वतःचं माप आता तिथं नाही, तरी ती तासभर लिहीत बसली. तांड्यावरच्या त्या तिसरीतल्या पोराची छाती भरली 24. मी साडेपंचवीस लिही म्हटलं, उंचीला दोन इंच सोड, खालचा दुमड जाड ठेवू. तो म्हणाला, "काकू, चोवीसच आहे ना, मी वाचलं." टेपवरचा आकडा त्यानं स्वतः वाचला होता. मी म्हटलं, बरोबर वाचलंस, पण हा शर्ट तुला दिवाळीनंतरही घालायचा आहे, उसाकडे जाशील तिथंही अन् परत येशील तेव्हाही. त्यानं मोठीच्या वहीत वाकून पाहिलं, साडेपंचवीस नीट लिहिलं का ते.